‘पेक्षा’पासून ‘दॅन’पर्यंत: सहा रविवारांच्या एका इंग्रजी वर्गाविषयी

मी एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात काम करते आणि वार्षिक अहवालाचा इंग्रजी मसुदा तयार करण्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मागील अहवालात मी ‘अवर डिपॉझिट्स इन ठाणे आर हायर दॅन सातारा ब्रँच’ असे एक वाक्य लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या वरिष्ठांनी त्याच्या समासात पेन्सिलीने एवढेच विचारले होते की, ठाण्याच्या ठेवींची तुलना साताऱ्याच्या शाखेशी, म्हणजे तिथल्या इमारतीशी आणि माणसांशी करावयाची आहे काय. मला आधी त्यांचा राग आला, कारण ‘ठाण्यातील ठेवी सातारा शाखेपेक्षा जास्त आहेत’ या मराठी वाक्यात कोणालाही काही खटकत नाही. पण मग इंग्रजीत ते का खटकते, याचे उत्तर मला देता आले नाही, आणि त्या उत्तराच्या शोधात मी ठाण्यातील एका लहानशा खासगी वर्गात नाव नोंदवले. हा वर्ग केवळ इंग्रजीतील तुलनेच्या वाक्यरचनेला वाहिलेला आहे. सहा रविवार, सकाळी दहा ते बारा, शुल्क 2,400 रुपये आणि एका तुकडीत अठरा जण, असे त्याचे स्वरूप आहे. चालवणाऱ्या बाई कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या आहेत. त्या जाहिरात करीत नाहीत आणि त्यांना ती नकोही आहे, म्हणून मीही वर्गाचे नाव येथे देत नाही.

एवढ्याशा विषयाला सहा रविवार कशाला, ही शंका मलाही होती. शाळेत आपण सर्वांनीच ‘गुड, बेटर, बेस्ट’ घोकलेले असते आणि परीक्षेत ‘डिग्री बदला’ हा प्रश्न सोडवून हमखास गुण मिळवलेले असतात. बाईंचे म्हणणे असे की, आपले घोडे नेमके तिथेच पेंड खाते. रूपे पाठ होतात. परंतु मराठी माणसाच्या चुका त्या रूपांत फारशा नसतात, त्या दोन भाषा तुलनेचा भार वाक्यात कुठे टाकतात या फरकातून येतात. पहिला रविवार त्यांनी याच एका मुद्द्याला दिला, आणि माझ्या मते संपूर्ण शुल्क त्या दोन तासांतच वसूल झाले.

त्यांनी फळ्यावर ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण लिहिली. या म्हणीत ‘मऊ’ हे विशेषण जसेच्या तसे राहिले आहे आणि तुलनेची सगळी खूण ‘दगडा’ला लागलेल्या ‘पेक्षा’वर आहे. वीट मऊ असो वा नसो, ‘पेक्षा’ आल्याबरोबर ऐकणाऱ्याला तुलना कळते. इंग्रजीत मात्र खूण दोन ठिकाणी लागते. विशेषण बदलून ‘सॉफ्टर’ होते आणि दगडाच्या आधी ‘दॅन’ येते. मराठीतून विचार करणारा माणूस एक तर विशेषण बदलायला विसरतो आणि ‘ब्रिक इज सॉफ्ट दॅन स्टोन’ म्हणतो, नाहीतर तुलना पुरेशी दिसत नाही या भीतीने खूण दोनदा लावतो आणि ‘मोअर सॉफ्टर’, ‘मोअर बेटर’ असे काही लिहून बसतो. दुसऱ्या प्रकारच्या चुकीबद्दल बाईंनी फार मार्मिक आठवण करून दिली. ‘तरतमभाव’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, परंतु त्यातील ‘तर’ आणि ‘तम’ हे संस्कृतातील तुलनेचे प्रत्यय आहेत याकडे आपले लक्ष नसते. ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ ही मुळात ‘सर्वांत’ या अर्थाचीच रूपे असताना आपण ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘श्रेष्ठतम’ म्हणतोच. फारसीतून आलेल्या ‘बदतर’ या शब्दातील ‘तर’ही तुलनेचाच असूनही ‘अधिक बदतर’ असे छापलेले मी वाचले आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकात अँटनीच्या तोंडी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ असा दुहेरी प्रयोग आहे आणि त्या काळी तो चालत असे. आजच्या लिखित इंग्रजीत मात्र तो चूक ठरतो. चूक करणाऱ्याला हसण्याऐवजी चुकीमागची प्रवृत्ती आपल्याच भाषेत दाखवून देण्याची ही रीत मला फार भावली.

विशेषणांची रूपे त्यांनी दुसऱ्या रविवारच्या पहिल्या अर्ध्या तासात उरकली आणि ते योग्यच झाले. एका उच्चारखंडाच्या शब्दांना ‘अर’, ‘हॅपी’सारख्या शब्दांना ‘हॅपिअर’, लांब शब्दांना ‘मोअर’, आणि ‘क्लेव्हर’, ‘नॅरो’, ‘क्वाएट’, ‘सिंपल’ यांना दोन्ही चालतात, एवढे सांगून त्या पुढे गेल्या. उरलेला वेळ तुलना किती मोठी आहे हे सांगणाऱ्या शब्दांना मिळाला. ‘खूप चांगला’ आणि ‘कितीतरी अधिक चांगला’ या दोहोंतील फरक मराठीत आपण बोलताना पुसून टाकतो, म्हणूनच ‘व्हेरी बेटर’ हे आपल्या तोंडी सहज येते. ‘व्हेरी’ हा शब्द साध्या विशेषणाचा सोबती आहे, तुलनेच्या रूपाला ‘मच’, ‘फार’ (मराठी नव्हे, इंग्रजी far) किंवा ‘अ लॉट’ लागते, आणि आपण ज्याला ‘काकणभर सरस’ म्हणतो त्यासाठी ‘स्लाइटली बेटर’ आहे. याच तासात ‘मोठा’ या शब्दाची गंमत झाली. माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुणाने ‘माय सिस्टर इज बिगर दॅन मी’ असे लिहिले होते. त्याची बहीण त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, अंगाने नव्हे. ते दुरुस्त करताना दुसऱ्या एकाने ‘एल्डर दॅन मी’ सुचवले आणि तेही बसेना. ‘एल्डर’ हा शब्द ‘माय एल्डर सिस्टर’ असा नामाच्या आधी येतो. ‘दॅन’ला सोबत हवी असेल तर ‘ओल्डर’च घ्यावा लागतो.

तिसऱ्या रविवारी माझा ठाणे-साताऱ्याचा प्रश्न सुटला. मराठीत ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय ज्या शब्दाला लागते त्या शब्दातूनच आपण संदर्भाने पुढचे नाम गृहीत धरतो. ‘महाराष्ट्राची लोकसंख्या गोव्यापेक्षा जास्त आहे’ असे म्हटले की ‘गोव्याच्या लोकसंख्येपेक्षा’ हे कोणीही समजून घेतो. ‘पेक्षा’चे मूळ ‘अपेक्षा’ या संस्कृत शब्दात आहे आणि त्याचा जुना अर्थ ‘कशाच्या तरी संदर्भात’ असा आहे, हे लक्षात घेतले तर ही सैलता समजण्यासारखी आहे. औपचारिक इंग्रजी मात्र ‘दॅन’च्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू मागते. त्यामुळे ‘द पॉप्युलेशन ऑफ महाराष्ट्र इज लार्जर दॅन दॅट ऑफ गोवा’ असे लिहावे लागते, आणि माझ्या ठेवी अनेकवचनी असल्यामुळे माझे वाक्य ‘हायर दॅन दोज ऑफ द सातारा ब्रँच’ असे झाले. ‘दॅट’ आणि ‘दोज’ हे दोन छोटे शब्द वगळल्यामुळे 2011च्या जनगणनेतील 11 कोटी 24 लाख माणसांची तुलना एका राज्याच्या भूमीशी होऊन बसते, असे बाई म्हणाल्या तेव्हा मला समासातील पेन्सिल आठवली.

त्याच दिवशी ‘एनी’ आणि ‘एनी अदर’ यांचा भेदही झाला, आणि तो समजावण्यासाठी निवडलेले उदाहरण मला इतर कोणत्याही वर्गात किंवा पुस्तकात मिळालेले नाही. कळसूबाईची उंची 1,646 मीटर आहे आणि ते महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. म्हणून ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’ असे म्हणावयाचे, कारण ‘अदर’ गाळला तर कळसूबाई स्वतःहूनही उंच ठरते. परंतु ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन गोवा’ या वाक्यात ‘अदर’ घातला तर कळसूबाई गोव्यात जाऊन पडते. नियम एकच आहे: तुलना ज्या समूहाशी केली त्या समूहात आपली वस्तू असेल तर ‘अदर’ हवा, नसेल तर नको. शाळेत ‘एनी अदर’ ही जोडी आम्ही मंत्रासारखी पाठ केली होती. तिच्यामागे एवढा साधा हिशेब आहे, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

चौथा रविवार मला निराश करणारा वाटला. तुकडीतील निम्मे जण स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे असल्यामुळे तो दिवस वाक्यरूपांतराला दिला होता, आणि दोन तास ‘नो अदर’, ‘व्हेरी फ्यू’, ‘वन ऑफ द’ हाच क्रम चालला. कळसूबाईचे तीन प्रकारचे वाक्य अर्थाने खरोखर समान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ‘साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स’ आणि ‘साल्हेर इज हायर दॅन मोस्ट अदर पीक्स’ ही दोन वाक्ये परीक्षेच्या पद्धतीप्रमाणे एकाच अर्थाची म्हणून शिकवली गेली, ते मला पटले नाही. साल्हेर 1,567 मीटर उंच आणि राज्यात दुसऱ्या क्रमांकाचे असल्यामुळे या उदाहरणात दोन्ही वाक्ये खरी ठरतात. पण शंभर शिखरांपैकी साठांहून उंच असलेले एखादे शिखर ‘बहुतेकांहून उंच’ असते आणि तरीही ‘सर्वांत उंच शिखरांपैकी एक’ नसते. मी हे विचारले तेव्हा बाईंनी ते मान्य केले आणि परीक्षेत मात्र पद्धतीप्रमाणेच लिहावे असे सांगितले. परीक्षार्थींच्या दृष्टीने तो सल्ला योग्यच आहे. माझ्यासारख्या, कामासाठी लिहिणाऱ्या व्यक्तीचा तो रविवार मात्र वाया गेला. वर्गाच्या दोन वेगळ्या तुकड्या केल्या तर हा प्रश्न सहज सुटेल. त्या दिवसातून मी एकच गोष्ट घरी आणली: ‘वन ऑफ द’नंतर नाम अनेकवचनीच येते, आणि ‘वन ऑफ द बेस्ट ब्रँच’ हे मी आजवर किमान तीन अहवालांत छापले आहे. जाता जाता नोंदवते की, मराठीतील ‘सर्वोत्तम शहरांपैकी एक’ हा वृत्तपत्री प्रयोग याच इंग्रजी रचनेवरून आलेला दिसतो. आपली जुनी रीत ‘चांगल्या शहरांत गणले जाणारे’ अशी होती आणि ती मला अजूनही अधिक गोड वाटते.

पाचव्या रविवारी आकड्यांची तुलना होती आणि वर्गाने पुन्हा उंची गाठली. आमच्या बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर, एखाद्या शाखेच्या ठेवी 2 कोटींवरून 6 कोटींवर गेल्या तर त्या तिप्पट झाल्या, म्हणजेच त्यांत दोनशे टक्के वाढ झाली. मराठीत आपण ‘तिपटीने वाढल्या’ असे लिहितो आणि वाचणारा सहा समजतो की आठ, याचा विचार करीत नाही. इंग्रजीतील ‘थ्री टाइम्स मोअर दॅन’मध्ये अगदी हाच घोळ आहे, म्हणून बाईंचा सल्ला असा की, पटीत सांगावयाचे असेल तेव्हा ‘थ्री टाइम्स ॲज हाय ॲज’ हीच रचना वापरावी. क्षेत्रफळाने महाराष्ट्र गोव्याच्या सुमारे 83 पट आहे. 3,07,713 आणि 3,702 चौरस किलोमीटर हे दोन आकडे देऊन त्यांनी ते वाक्य आमच्याकडून तीन प्रकारे लिहून घेतले. टक्क्यांचा मुद्दा तर माझ्या रोजच्या कामाचा होता. अनुत्पादक कर्जांचे प्रमाण चार टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आले तर ते ‘एका टक्क्याने’ घटले असे आपण बोलतो, परंतु घट एका टक्का-बिंदूची आहे आणि प्रमाणाच्या हिशेबाने ती पंचवीस टक्के आहे. इंग्रजीत ‘परसेंट’ आणि ‘परसेंटेज पॉइंट’ हे शब्द वेगळे ठेवले नाहीत तर अहवाल वाचणारा चुकीचा निष्कर्ष काढू शकतो. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडेमिक प्रकारात लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेख किंवा तक्ता पाहून वीस मिनिटांत किमान 150 शब्द लिहावे लागतात. तुकडीतील, परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या दोन मुलींना हा रविवार सर्वाधिक उपयोगी वाटला, असे त्यांनी मला सांगितले.

कार्यालयीन इंग्रजीतील एका सवयीवर बाईंनी येथे चांगलीच कात्री चालवली. ‘च्या तुलनेत’ या मराठी शब्दसमूहाची सावली म्हणून आपण ‘हायर ॲज कम्पेअर्ड टू लास्ट इयर’ असे लिहितो. ‘हायर’ आल्यावर ‘दॅन’ पुरते; ‘ॲज कम्पेअर्ड टू’ तिथे फुकटचे ओझे आहे. त्यानंतर मी आमचा जुना अहवाल काढून मोजले तेव्हा ते ओझे मला एकाच प्रकरणात अकरा वेळा सापडले.

शेवटच्या रविवारी उरलेसुरले विषय होते. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द लॅटिनमध्ये स्वतःच तुलनेची रूपे आहेत, म्हणून त्यांना ‘मोअर’ लागत नाही आणि त्यांच्यानंतर ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येते, ‘प्रिफर’चेही तसेच. ‘ही इज सीनियर दॅन मी’ हे वाक्य आमच्या कार्यालयात रोज किमान एकदा उच्चारले जाते. त्यानंतर ‘जितके-तितके’ची रचना आली आणि तिचे विवेचन पाहून मी थक्क झाले. मराठीत ‘जितके लवकर तितके बरे’ म्हणताना ‘ज’ आणि ‘त’ ही दोन वेगळी टोके असतात. इंग्रजी दोन्ही टोकांना ‘द’च लावते, ‘द सूनर द बेटर’. आपण दोन वेगळे शब्द शोधत बसतो आणि ‘ॲज मच यू प्रॅक्टिस, दॅट मच यू विल इम्प्रूव्ह’ अशी मराठीचीच इंग्रजी लिपीत केलेली नक्कल तयार होते. हा ‘द’ नेहमीचा ‘द’ नव्हे. जुन्या इंग्रजीतील, ‘तेवढ्याने’ अशा अर्थाच्या एका विभक्तिरूपाचा तो अवशेष आहे. हे कळल्यावर ती रचना पाठ करावी लागत नाही.

आता टिपणांविषयी. सहा रविवारांची मिळून बेचाळीस पानांची छापील टिपणे मिळतात आणि ती शुल्कात समाविष्ट आहेत. मांडणी नीटनेटकी आहे, प्रत्येक पानावर डावीकडे मराठी वाक्य आणि उजवीकडे त्याची इंग्रजी रूपे आहेत. मात्र त्यांत काही दोष आहेत आणि ते दुरुस्त व्हावयास हवेत. ‘दॅन’वरील टिपणातच ‘दॅन’ऐवजी ‘देन’चे स्पेलिंग दोन ठिकाणी छापले आहे. हे दोन शब्द मुळात एकच होते हे खरे असले, तरी त्यांना वेगळे होऊन काही शतके लोटली आहेत. ‘टॉलर दॅन मी’ हे चूक आणि ‘टॉलर दॅन आय’ हेच बरोबर, असा सरसकट निर्णय टिपणात दिला आहे. वस्तुतः बोलण्यात ‘दॅन मी’ सर्वमान्य आहे, निव्वळ ‘दॅन आय’ आता पोशाखी वाटते, आणि औपचारिक लेखनात कोणालाही न खटकणारा मार्ग ‘दॅन आय ॲम’ हा आहे. ‘लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’ हेही चूक म्हणून दाखवले आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ हा नियम ठीक, पण पाचशे रुपये ही तिथे पाचशे नाणी नसून एक रक्कम आहे, म्हणून ‘लेस’च योग्य. बँकेत काम करणाऱ्या व्यक्तीच्या नजरेतून एवढे तरी सुटणार नव्हते. मी ही तिन्ही स्थळे लिहून दिली तेव्हा बाईंनी ती शांतपणे वाचली, दोन लगेच मान्य केली आणि ‘दॅन मी’वर मात्र अजून विचार करते म्हणाल्या.

जागेची अडचण आहे. खोली बारा जणांची आणि बसणारे अठरा. मागच्या रांगेतून फळ्याचा उजवा कोपरा दिसत नाही, त्यामुळे लवकर पोचणे इष्ट. बोलण्याचा सराव जवळपास नाही. ज्यांना मुलाखतीसाठी अस्खलित इंग्रजी बोलावयाचे आहे त्यांनी येथे येऊन उपयोग नाही, आणि बाई स्वतः नाव नोंदवतानाच तसे सांगतात. ज्यांना अहवाल, प्रबंध, पत्रव्यवहार किंवा भाषांतर करावे लागते, ज्यांचे इंग्रजी कामचलाऊ आहे पण निर्दोष नाही, आणि ज्यांना आपल्या चुकीमागचे मराठी कारण जाणून घेण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी 2,400 रुपये ही रक्कम जास्त नाही. याहून दुप्पट शुल्क घेणाऱ्या एका वर्गात मी पूर्वी तीन महिने गेले होते आणि तिथे मला ‘गुड, बेटर, बेस्ट’च्या पलीकडे काही मिळाले नव्हते.

पहिल्या रविवारी विनाशुल्क बसता येते. येताना स्वतः लिहिलेली दोन पाने इंग्रजी मजकूर, शक्यतो कामाचाच, सोबत आणण्यास सांगितले जाते आणि पुढचे सर्व रविवार त्या पानांतील वाक्येच फळ्यावर येतात. माझी पाने पाचव्या रविवारी आली. त्यांतील ‘ॲज कम्पेअर्ड टू’ची ओझी अठरा जणांसमोर एकेक करून उतरवली गेली तेव्हा थोडे अवघडल्यासारखे झाले, म्हणून ज्यांना ते नको असेल त्यांनी पानावर नाव लिहू नये. बाई विचारत नाहीत.